दुसरी सही

३ नोव्हेंबर, गुरुवार

तड्यात माझं बोट गेलं आज. करंगळी नाही, मधलं बोट! मागच्या खेपेला नख जेमतेम शिरत होतं.

अलेक्झांड्रियातल्या करमूझ वस्तीतली सात नंबरची इमारत. चार मजले, नऊ बिऱ्हाडं, बत्तीस माणसं. मी मोजली, तान्ह्या बाळासकट. मागच्या कोपऱ्यातून तडा निघतो तो तिरका चढत तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. दोन आठवड्यांपूर्वी गिलावा खरवडून मी त्याच्यावर आडव्या जिप्समच्या पाच पट्ट्या बसवल्या होत्या. प्रत्येकीवर पेन्सिलने तारीख. भिंत हलली की पट्टी फुटते, इतकं साधं. आज पाचांतल्या तीन फुटल्यात.

दुसऱ्या मजल्यावरच्या हाज्जा इन्शिराह माझ्या मागेच उभ्या होत्या. "काय गं पोरी, भिंतीला ताप आलाय का? सारखी नाडी बघतेस!" मी हसले.

त्यांनी चहा दिला, पुदिना घालून. मी पटपट प्यायले. त्या भिंतीला टेकून बसवेना.

घरी येऊन अहवाल लिहून काढला. चौदा पानं.

५ नोव्हेंबर, शनिवार

अहवाल आमच्या प्रमुख तहानी मॅडमच्या टेबलावर ठेवला. आमच्या मंडळाची कचेरी म्हणजे एका दाताच्या दवाखान्यावरची खोली. खालून यंत्राची घरघर येत असते. आम्ही सगळे इथे फुकट काम करतो, आपापली नोकरी सांभाळून. मी दिवसभर एका ठेकेदाराकडे फरशांची मोजणी करते आणि चारनंतर इथे येते. तडकलेल्या इमारती बघायच्या आणि अहवाल द्यायचा.

पण एका सहीचा अहवाल म्हणजे कोरा कागद. दुसऱ्या, अनुभवी इंजिनिअरने तपासून सही-शिक्का केला की मगच बोलायचं. तोवर अवाक्षर काढायचं नाही, ना रहिवाशांपुढे, ना घरमालकापुढे.

नियम मला पटतो. मनापासून! जुन्या भाडेकरूंचं भाडं नावापुरतं असतं आणि मालकांना ती माणसं एकदाची बाहेर हवी असतात. 'इमारत धोक्याची आहे' एवढं कुणा कोवळ्या इंजिनिअरच्या तोंडून निघालं की त्यांचं काम झालं. म्हणून दुसरी सही. मॅडम नव्या मुलांना सांगतात, "पहिली सही डोळ्यांची, दुसरी डोक्याची. घाईत डोळे पुढे पळतात."

माझ्या अहवालावर दुसरी सही माझ्या कॉलेजातले प्राध्यापक डॉ. वगीह करणार. मॅडमनी फोन लावला. डॉक्टरांचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू आला, "माझ्या डोळ्यांवर, आनंदाने! तीन दिवसांत देतो!"

इमारतीच्या पायाचं काम अख्ख्या अलेक्झांड्रियात त्यांच्याएवढं कुणाला कळत नाही. आज झोप लागेल.

८ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस झाले.

९ नोव्हेंबर, बुधवार

घरमालक भेटला. हाज्ज शिब्ल. इमारतीच्या दारातच खुर्ची टाकून बसला होता, हातात जपमाळ. मला बघून उठला! माझ्या बापाच्या वयाचा माणूस!

"या, इंजिनिअरबाई, या बाशमुहंदिसा! सही झाली का हो मोठ्या डॉक्टरांची?"

मी म्हटलं, काम चालू आहे.

"लवकर करा. लोकांच्या जिवाची काळजी वाटते मला. झोप येत नाही बघा." आणि डोळे असे मऊ केले, की कुणाला खरंच वाटावं.

इमारतीचा बवाब, म्हणजे राखणदार, अम्म द्याब पायरीवर बसून कांदा सोलत होता. हाज्ज गेल्यावर म्हणाला, "यांना झोप येत नाही? दुपारी या खुर्चीतच घोरतात." मग मान खाली घालून, "पोरी, काही असलं तर मला आधी सांग हं. माझी खोली तळाशी आहे. सगळं माझ्याच डोक्यावर येणार."

काय सांगणार त्याला! "देव बघेल, अम्म द्याब," म्हटलं आणि निघाले.

परतताना ट्रॅममध्ये लक्षात आलं. या अहवालाची घाई जगात फक्त दोघांना आहे. मला आणि हाज्ज शिब्लला.

१० नोव्हेंबर

डॉक्टरांना निरोप पाठवला. "सात नंबर, करमूझ. आठवण म्हणून."

उत्तर आलं: गुलाबाचं चित्र.

१३ नोव्हेंबर, रविवार

स्वतःला बजावून डॉक्टरांकडे गेले होते की फाइल परत घेऊनच यायचं. गोड बोलून, एखादं पान जोडायचं राहिलंय असा बहाणा करून. नाहीतर दुसऱ्या कुणाकडे देता येणार नाही. आमच्यात एकदा कुणी 'माझ्या डोळ्यांवर' म्हणून फाइल घेतली की ती त्याची. ती काढून घेणं म्हणजे भर सभेत त्याच्या हातातला घास काढून घेणं.

कॉलेजातली त्यांची खोली. कागदांच्या ढिगामागून फक्त टक्कल दिसत होतं. "नश्वा! ये ये, बस!" बसायला जागा नव्हती. एका खुर्चीवरच्या फायली त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरच्या फायलींवर ठेवल्या. माझी कुठल्या ढिगात आहे ते मला दिसेना.

अर्ध्या तासात चौदा फोन. गल्लीतल्या मशिदीच्या मिनाराची दुरुस्ती — माझ्या डोळ्यांवर. वाचनालयाची समिती — माझ्या डोळ्यांवर. कुणाच्या पोराची शिकवणी. कुणाच्या जमिनीचं भांडण. मध्येच बहिणीच्या डायलिसिसच्या केंद्रातून फोन, तेव्हा आवाज एकदम लहान झाला. प्रत्येकाला 'हो'. एकालाही नाही म्हणाले नाहीत. मला राग येईना. असा माणूस! पाच वर्षं कॉलेजात मी याच माणसासारखं व्हायचं ठरवत होते.

मी म्हटलं, "डॉक्टर, सात नंबरची—"

"हो हो, वाचायला घेतलीय! पट्ट्यांचं काम सुरेख केलंयस. बरं, शुक्रवारच्या व्याख्यानाला चार पोरं हवीत खुर्च्या लावायला. आणि ही जुनी मोजमापं जरा नीट उतरवून देशील?"

आणि माझ्या तोंडून काय निघालं? "माझ्या डोळ्यांवर!"

फाइल आणायला गेले आणि त्यांचीच दोन कामं घेऊन आले. जिना उतरताना मला माझीच भीती वाटली.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

झाडूचं वादळ आलं. दरवर्षी याच दिवसांत येतं आणि रस्ते धुऊन नेतं, म्हणून ते नाव. बाबा घरीच. मच्छीमार बंदरातून निघालेच नाहीत, तेव्हा बाबांच्या बर्फाला गिऱ्हाईक नाही. ते खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमची बाशमुहंदिसा घरी आहे आज." मला नावाने हाक मारणं त्यांनी निकाल लागला त्या दिवसापासून सोडलंय. आमच्या घराण्यात सही करता येणारी मी पहिली, बाकीचे अंगठ्यावर. बाबांना वाटतं माझ्या सहीने इमारती उभ्या राहतात.

पाऊस थांबल्यावर गेले. चौथी पट्टी फुटली होती. तळाशी, मागच्या कोपऱ्यात.

अम्म द्याब म्हणाला, "रात्री टक् असा आवाज झाला. बायको म्हणाली उंदीर. मी म्हटलं, एवढा मोठा उंदीर असेल तर भाडं मागू त्याच्याकडून." हसला, पण खाट त्याने दाराशी ओढून ठेवली होती.

२० नोव्हेंबर, रविवार

तहानी मॅडमना स्पष्टच म्हटलं. दुसऱ्या कुणाकडे द्या.

"कुणाकडे? शिक्का तिघांकडे. एक दुबईत, एकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"मग फाइल परत मागा आणि तुम्ही—"

"वगीहसाहेबांकडून परत मागायची?" चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. "पोरी, मी त्यांच्या हाताखाली शिकले. माझ्या नवऱ्याच्या जनाज्याला त्यांनी खांदा दिला. मी त्यांना म्हणू की तुम्हाला जमत नाही, द्या इकडे?"

"चौथी पट्टी फुटलीय, मॅडम."

खाली यंत्र घरघरत होतं. मग म्हणाल्या, "मी त्यांना फोन करते." माझ्यासमोर केला. तब्येत विचारली, बहिणीचं विचारलं, मुलाचं विचारलं. सगळ्यात शेवटी, "आणि ते करमूझचं... हो, सवडीने, सवडीने."

सवडीने!

२१ नोव्हेंबर

कचेरीतलं नोंदवहीचं काम माझ्याकडेच आहे. आज मुद्दाम बघितलं. अकरा फायलींपुढे डॉ. वगीह यांचं नाव आहे. सर्वांत जुनी मार्च महिन्यातली. एकाही ओळीपुढे 'आठवण केली' असं लिहिलेलं नाही. कुणी करतच नाही, वाईट दिसतं म्हणून.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

हाज्जा इन्शिराहकडे जेवायला बसवलं मला. मला नको होतं. मासा, लाल भात, वर लिंबू. त्यांची सून, तिचं तान्हं बाळ, वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी नबवीया, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

नबवीया म्हणाली, "मासा खातेय, म्हणजे बातमी बरी आहे. वाईट बातमीवाला खात नाही."

हाज्जा म्हणाल्या, "गप गं. हिला घास गिळवत नाहीये, दिसत नाही तुला?"

मग त्या मला आत घेऊन गेल्या. पलंगावर बसवलं. "ऐक पोरी. हा शिब्ल तीन वर्षं पाठीस लागलाय. पाणी तोडलं, वीज तोडली, गच्चीला कुलूप लावलं. आम्ही हललो नाही. एकेचाळीस वर्षं राहतेय मी इथे. तुझ्याआधी दोन इंजिनिअर आले, दोघेही त्याचेच. तू त्याची नाहीस हे मला कळतं. तुझे बूट बघूनच कळतं."

मी झिजलेले बूट आत ओढून घेतले. त्यांना हसू आलं.

"तू जे सांगशील ते मी मानीन," म्हणाल्या. "फक्त तू सांग."

मला एवढंच म्हणता आलं की मोठे डॉक्टर तपासताहेत. एवढा विश्वास अंगावर घ्यायला मला कुणी शिकवलेलं नाही.

२८ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांना तीन निरोप. उत्तर नाही. गुलाबसुद्धा नाही.

मीही काल दोन निरोपांना उत्तर दिलं नाही. खुर्च्यांचं राहिलं, मोजमापं उतरवायची राहिली. ऑफिसात साहेब ओरडले, फरशा चुकीच्या मोजल्या म्हणून. डोळ्यांसमोर सारखा तो कोपरा असतो. फरशीवर बोट ठेवून रेषा मोजते आणि ती रेषा तडा वाटते.

१ डिसेंबर, गुरुवार

पलीकडच्या वस्तीत एक इमारत पडली. सकाळी साडेदहाला, भर दिवसा. माणसं बाजारात होती म्हणून वाचली म्हणे, तरी सगळी नाही. ऑफिसात सगळे फोनवर तेच बघत होते. मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघितलं नाही.

चार तारखेला कासिम येतंय. वर्षातलं सगळ्यांत वाईट वादळ. बाबा म्हणतात यंदा जोरात येणार, समुद्राला वास आलाय.

कॉलेजात गेले. डॉक्टर नव्हते. शिपाई म्हणाला, "कैरोला गेलेत. कसली तरी समिती." खोलीला कुलूप. दाराच्या काचेतून ढीग दिसत होते. मी काचेला हात लावून उभी राहिले, खुळ्यासारखी. माझी फाइल तिथे आहे की त्यांच्या पिशवीत, की गाडीत, तेही मला माहीत नाही.

२ डिसेंबर, शुक्रवार

सांगून टाकलं.

नीट लिहिते, म्हणजे नंतर मला स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

नमाजानंतर सगळे हाज्जांच्या खोलीत जमले होते. पडलेल्या इमारतीवरूनच बोलणं चाललं होतं. नबवीयाचा नवरा म्हणाला, "आपली काही पडत नाही. इंग्रजांच्या वेळची वीट आहे." दुसरा म्हणाला, "तीपण इंग्रजांच्याच वेळची होती." कुणी हसलं नाही. अम्म द्याब दारात उभा होता, आत येत नव्हता. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

मी पाठ केलेलं म्हटलं. अहवाल तपासणीत आहे, दुसरी सही झाल्याशिवाय मला बोलता येत नाही.

हाज्जा म्हणाल्या, "सही राहू दे. इंजिनिअर म्हणून नको सांगूस. तू या खोलीत राहत असतीस, हे बाळ तुझं असतं, तर परवाच्या वादळात इथे झोपली असतीस का?"

बाळाचं चोखणं ऐकू येत होतं.

मला तहानी मॅडम आठवल्या, नियम आठवला. हाज्ज शिब्लचे मऊ डोळे आठवले. आणि चार फुटलेल्या पट्ट्या.

"नाही," म्हटलं. "मी आजच निघाले असते."

कुणी ओरडलं नाही. नबवीया उठली आणि भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढायला लागली. तो तिच्या घरातला नव्हता, हाज्जांच्या भिंतीवरचा होता. तिला काय करावं ते सुचत नव्हतं म्हणून हात चालवत होती. हाज्जांनी तिला थांबवलं नाही.

मी नियम मोडला. बत्तीस माणसांसाठी मोडला. मला पश्चात्ताप नाही. वहीत तरी खरं लिहावं: मला फार भीती वाटतेय.

३ डिसेंबर, शनिवार

दिवसभर सामान उतरत होतं. गाद्या, गॅसच्या टाक्या, नबवीयाचं शिलाईचं मशीन. ते उतरवायला चार माणसं लागली आणि ती मागून शिव्या घालत होती, "हळू रे, गाढवांनो, ते माझं पोट आहे!" कुणी भावाकडे गेलं, कुणी सासरी. हाज्जा अगमीला, लेकीकडे.

निघताना त्यांनी दाराला कुलूप लावलं, किल्ली छातीशी खोचली. "वादळ गेलं की येते मी. आठ दिवस जावयाचं तोंड बघेन. नववा दिवस नाही."

हाज्ज शिब्ल समोरच्या चहाच्या टपरीवर होता. लांबूनच त्याने मला छातीवर हात ठेवून सलाम केला.

४ डिसेंबर, रविवार

कासिम. ऑफिसला गेले नाही. सकाळी आठपासून समोरच्या फार्मसीच्या छताखाली उभी. वारा असा की ट्रॅम बंद. गल्लीत घोट्यावर पाणी. फार्मसीवाला म्हणाला, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, कुणाची नाही.

एक तास. दोन तास. वरच्या मजल्यावरची एक खिडकी आपटत होती, दर वेळी मी डोळे मिटायची. दुपारपर्यंत उभी होती इमारत. मी पण.

आणि मग, हे लिहितेय आणि खोडणार नाही, मला वाटलं, पड ना! पडून टाक एकदाची! म्हणजे मी बरोबर ठरेन.

घरी येऊन बाबांच्या समोर बसून रडले. त्यांनी काही विचारलं नाही. माझे ओले बूट काढून चुलीजवळ ठेवले.

५ डिसेंबर

उभी आहे.

६ डिसेंबर, मंगळवार

ऊन पडलं. हाज्जांचा फोन. "काय गं, माझी इमारत उभी आहे म्हणे! आणि मी इथे जावयाच्या दारात चपला मोजत बसलेय. येऊ का परत?"

मी म्हटलं, थोडं थांबा, डॉक्टर बघतील. सही होऊ दे.

"तुझा तो डॉक्टर माझ्या मयतीला तरी वेळेवर येईल का, विचार त्याला!" म्हणाल्या, पण हसत होत्या. मग हळूच, "पोरी, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू आमचा जीव बघितलास."

संध्याकाळी दारात बसबूसाची, रव्याच्या मिठाईची, परात आली. मोठी, वर बदाम. चिठ्ठी नव्हती. आणणाऱ्या माणसाला विचारलं, कुणी पाठवली? "हाज्ज शिब्लनी. बाशमुहंदिसांचे उपकार झाले म्हणाले."

बाबांना वाटलं कौतुकाची आहे. एक वडी तोंडात टाकणार होते. मी परात हातातून ओढून घेतली. त्यांच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं मी. परत पाठवली. घेऊन आलेला माणूस जाताना शिट्टी वाजवत गेला.

७ डिसेंबर, बुधवार

जिना नाही.

अम्म द्याबने फोन केला तेव्हा मी ऑफिसात होते. तशीच पळत सुटले. सकाळी सहा माणसं घेऊन आला होता हाज्ज शिब्ल. घणांनी आधी वरच्या मजल्यांच्या पायऱ्या तोडल्या, मग खालच्या. दुपारपर्यंत तळापासून गच्चीपर्यंत पोकळ झालं सगळं, विहिरीसारखं. वर नऊ दारं, नऊ कुलपं, आणि त्यांच्यापुढे हवा. पुढच्या दाराला साखळी घातलीय. त्यावर खडूने लिहिलंय, 'धोका'.

शेजाऱ्यांनी अडवलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, "मी म्हणतोय का? मंडळाच्या इंजिनिअरबाईंनी सांगितलं, इमारत धोक्याची आहे. विचारा सगळ्यांना, सगळ्यांसमोर सांगितलं. उद्या कुणी चोरून वर चढलं आणि मेलं तर मला तुरुंगात टाकाल?"

अम्म द्याबची खाट रस्त्यावर होती. तो तिच्यावर बसून होता. "मी त्याला म्हटलं, हाज्ज, देवाला भी. तो म्हणाला, भितो म्हणूनच तर."

हाज्जांना मी कळवलं नाही. मला जमलं नाही. नबवीयाने कळवलं.

८ डिसेंबर, गुरुवार

तहानी मॅडमनी बोलावलं. रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू सांगितलंस?"

"हो."

"लेखी?"

"नाही. तोंडी. तेही, मी असते तर काय केलं असतं, एवढंच."

"बस. त्याला तेवढंच लागतं." टेबलावरची नोंदवही मिटली. मग म्हणाल्या, "मी त्या दिवशी फोनवर सवडीने म्हणाले. दोनदा म्हणाले. मला ऐकू येतंय ते सारखं."

मी म्हटलं, "मॅडम, पण पडली असती तर? आत असते तर?"

"हो," म्हणाल्या. "तेच आता धरून राहायचं. जीव वाचले. घर गेलं, जीव वाचले."

येताना ट्रॅममध्ये तेच म्हणत आले. जीव वाचले. जीव वाचले. दर स्टॉपला.

९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी डॉक्टरांचा फोन. "नश्वा, सात नंबरच्या मागच्या गल्लीत गाडी लावलीय, ये लवकर! दहाला दुसरीकडे पोचायचंय." निरोप वाचलेच नव्हते त्यांनी, तीनशेच्या वर साठलेत म्हणाले. मी सांगायला तोंड उघडलं तर बोट वर केलं, "आधी बघू दे." फाइलची दोरी तिथेच, गाडीच्या टपावर सोडली. गाठ माझीच होती, अजून न सुटलेली.

डॉक्टर मागच्या चौकातून आत शिरले. गुडघ्यांवर बसून माती हुंगली, गटाराचं झाकण उचललं, सळई खुपसली. माझ्या पट्ट्या एकेक करून बघितल्या. चाळीस मिनिटं लागली.

"भिंत तू छान बघितलीस. जमीन बघायची राहिली. सांडपाण्याची नळी फुटलीय, हा एवढाच कोपरा भिजून खचतोय. बाकी इमारत ठणठणीत आहे. चार टेकू, नवी नळी, पंधरा दिवसांचं काम. कुणाला हलवायची गरज नाही." टपावर कागद ठेवून सही केली, शिक्का मारला, फुंकर घातली.

मग बाहीने हात पुसत म्हणाले, "चल, वर जाऊन सांगू त्यांना. महिनाभर घाबरून बसले असतील बिचारे."